एकाच फळाचे तेवीस टॉवेल

आधीच सांगून टाकते, ते टॉवेल मी मागवले नव्हते. मी दुकानात गल्ल्यावर बसते. वरून जे खोकं येईल ते फोडायचं, मांडायचं आणि लोकांच्या शिव्या खायच्या, एवढंच माझं काम. तरी अजून आमच्या बंदरात कुणी भेटलं की म्हणतं, "दिन्का, तुझ्या त्या टॉवेलांनी काय घोळ घातला गं!" माझ्या टॉवेलांनी! जसे काही मी घरी बसून विणले होते.

घोळ झाला हे मात्र खरं. तो नक्की कुठे सुरू झाला आणि संपला की नाही, हे मला आजही धड सांगता येत नाही. सांगायला बसले की विंकामावशीपासूनच सुरुवात करावी लागते.

विंकामावशी एकोणऐंशी वर्षांची. आयुष्यभर तारलीच्या कारखान्यात मासे साफ करून डब्यात भरले तिने. हाताला अजून वास येतो असं ती स्वतःच म्हणते आणि मुद्दाम आपल्या नाकाखाली हात धरते. नवरा फ्राने बोटीवर होता, त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा एकच, रोको. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि माझ्या वेण्या आपल्या बाकाला बांधायचा. आता तिकडे राजधानीत, झाग्रेबला असतो, चौथ्या मजल्यावर. दर ऑगस्टला मरियामातेच्या सणाला येतो आणि जाताना दरवर्षी तेच पालुपद लावतो, "आई, आता एकटी राहू नकोस. चल माझ्याकडे." मावशी म्हणते, "पुढच्या वर्षी बघू." असं करत करत तिने अकरा वर्षं काढली.

झाग्रेबला ती कशी जाईल? तिचा सगळा जीव आमच्या ओट्यावर. आमचा किनारा म्हणजे वाळू-बिळू काही नाही, पाण्यात उतरणारा काँक्रीटचा ओटा आणि दोन गंजक्या शिड्या. पहाटे साडेपाचला ज्याने त्याने आपल्या जागेवर टॉवेल टाकायचा, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि घरी जाऊन निवांत कॉफी प्यायची. दिवसभर ती जागा त्याची. त्या जागाही आजच्या नाहीत, आजोबांपासून चालत आलेल्या. आणि या सगळ्यावर नजर ठेवायला झाऊच्या झाडाखाली विंकामावशी. कुणा पाहुण्याने टॉवेल वीतभर जरी सरकवला तरी ती तिथून ओरडायची, "ए बाबा, ती जागा टोन्चीची आहे! लाल-पांढरा चौकटीचा दिसत नाही का तुला?"

तिला सगळे टॉवेल पाठ. टोन्चीकाकाचा लाल-पांढरा चौकटीचा. पेरिनाकाकूचा पिवळा. फादर स्टिपानचा हिरवा, कडेला विटलेला. रोकोचा लहानपणीचा नारिंगी होता, कोपऱ्याला निळं ठिगळ लावलेला. हल्ली तो शहरातून एक काळा पातळ टॉवेल आणायचा, तर मावशी तणतणायची, "हा कसला टॉवेल? मेला काँक्रीटवर ओल पडल्यासारखा. दिसतसुद्धा नाही." आम्ही हसायचो. आम्हाला वाटायचं, म्हातारीला रंगाची आवड.

आता टॉवेलांचं. यंदा दुकानाने स्टिकरची योजना काढली. सामान घ्या, स्टिकर मिळवा, कार्डावर चिकटवा, कार्ड भरलं की मोठा टॉवेल जवळजवळ फुकट. आमचे लोक फुकटच्या नावाने वेडे होतात. घरात माणसं दोन आणि पास्ता नेला सोळा पुडे. कागदावर सहा फळांचे सहा टॉवेल छापले होते, अननस, पपई, अजून काय काय. आणि आमच्या दुकानात खोकी उघडली तर सगळ्यांत एकच. लालभडक गोळा, अंगभर हिरव्या टोकांचे केस, आणि शेजारी तोच सोललेला, आतून पांढराफटक. खऱ्या फळाचा फोटो, पण टॉवेलएवढा मोठा. बाजूला बारीक अक्षरात नाव होतं, रांबुतान.

"हे काय?" टोन्चीकाका म्हणाले.

"फळ आहे काका. गरम देशातलं."

"फळ? अगं, हा पाण्यातल्या खडकावरचा काटेरी गोळा आहे! जन्मभर त्याच्यावर पाय पडू नये म्हणून जपलो, पायातले काटे तेल लावून उपसले, आणि आता त्याच्यावर पार्श्वभाग टेकू?"

"मग नका नेऊ."

"नको कसा? कार्ड भरलंय ना!"

सगळ्यांनी नेले. पेरिनाकाकूने दोन नेले. मी पण एक घेतला, आणि माझा जुना फाटका टॉवेल कापून त्याची फरशी पुसायची फडकी केली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सोमवारी सकाळी ओट्यावर तेवीस टॉवेल, तेवीसही तेच. वरच्या रस्त्यावरून बघितलं तर सगळा ओटा लाल. मीच हसून हसून बेजार झाले. लोक आपापली जागा दगडांवरून ओळखत होते, एकमेकांवर खेकसत होते, मजा चालली होती. विंकामावशी तेवढी झाडाखाली गप्प बसून होती. मी म्हटलं, "काय मावशी, आज आवाज नाही?" तर म्हणाली, "दक्षिणेचा वारा सुटलाय, डोकं जड झालंय." आमच्याकडे दक्षिणेचा वारा सुटला की सगळ्याचं खापर त्याच्यावर. त्यामुळे मला काही वावगं वाटलं नाही.

मग मावशीने फादर स्टिपानना हाकललं. त्यांच्याच जागेवरून! "ए पाहुण्या, ऊठ, ती जागा आमच्या पाद्र्यांची आहे." फादर बिचारे चड्डीवर उभे, म्हणतात, "विंका, अगं मीच तो." सगळे हसले, मावशीही हसली, पण जरा उशिराच हसली.

आणि त्यानंतर झालं ते निवेसचं. पेरिनाकाकूची जागा मावशीच्या डाव्या हाताला. काकू टॉवेल टाकून घरी शेंगा शिजत ठेवायला गेली, आणि तिची सून निवेस कॉफीचा कप घेऊन त्या टॉवेलवर येऊन टेकली. मावशी समुद्राकडे तोंड करून म्हणाली, "बरं झालं आलीस. कालचं अर्धं राहिलं. निवेसच्या हातचं सूप म्हणजे भांडी विसळलेलं पाणी, हे तू म्हणालीस ते मला पटलं हं. आणि खरंय तुझं, तुझ्या पोराला ती आधीची शेजारच्या गावातली मुलगीच शोभत होती."

निवेसच्या हातातला कप तसाच राहिला. "मावशी," ती म्हणाली, "मी निवेस."

दुपारपर्यंत पेरिनाकाकूच्या घरात भांडी उडाली. संध्याकाळी काकू फणफणत मावशीच्या दारात उभी. "मी तुला विश्वासाने सांगितलं आणि तू तिच्याच तोंडावर?"

"मला वाटलं तूच आहेस गं."

"मी? मी आहे नव्वद किलोची आणि ती काडी! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

पेरिनाकाकू घरी गेली आणि रागाच्या भरात तिने झाग्रेबला फोन लावला, "रोको, तुझ्या आईचं डोकं गेलंय. माणसं ओळखत नाही. येऊन घेऊन जा तिला." रोको म्हणाला शनिवारच्या बोटीने येतो. सणाला अजून बारा दिवस होते.

दोन दिवसांत सगळ्या बंदरात बातमी झाली. विंकाला भ्रम झाला, विंकाला विसर पडतो. मला काही उमजेना. कारण बाई बोलत होती तर अगदी सरळ. माझ्या आईच्या लग्नात किती डबे तारली आली होती तेही तिला आठवत होतं.

गुरुवारी ती दुकानात आली. दुधाचं खोकं माझ्यापुढे धरून नेहमीसारखं म्हणाली, "दिन्का, यावर तारीख काय आहे बघ ना. चष्मा घरी राहिला."

मी तारीख वाचायला गेले आणि माझी नजर तिच्या गळ्याकडे गेली. चष्मा दोरीला बांधलेला, गळ्यातच लोंबत होता.

"मावशी, चष्मा तर तुझ्या गळ्यात आहे."

ती चाचपून म्हणाली, "हो का." दुकानात कुणी नव्हतं म्हणून बरं. "तो घालून काय उपयोग गं," ती म्हणाली. "मधलं सगळं गेलंय माझं. तुझ्याकडे बघते ना, तर तुला तोंडच नाही. कडेने कान दिसतात, रंग दिसतात. स्प्लिटला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. म्हणाले, गेलं ते येत नाही."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील."

दोन वर्षं! दोन वर्षं मी तिला दुधाची, दह्याची, डब्यांची तारीख वाचून दाखवत होते आणि एकदाही माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. ती माणसं ओळखत नव्हतीच, ती टॉवेल ओळखत होती. आणि आम्ही तिच्यापुढे तेवीस एकसारखे टॉवेल पसरून ठेवले. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"मग सांग ना सगळ्यांना," मी म्हटलं. "डोकं गेलं म्हणतायत तुझं!"

"म्हणू दे. डोकं ठिकाणावर आहे हे मी रोकोला बोलून पटवीन. डोळ्यांचं काय पटवू? गॅस आहे, जिना आहे, म्हणेल आणि उचलून नेईल मला. तिथे चौथ्या मजल्यावर मी कुणाला ओळखू? भिंतीला? दिन्का, रोकोला सांगणार नाहीस. घे फ्रानेची शपथ."

मी घेतली. आता शपथ फक्त रोकोपुरती होती. बाकीच्यांचं ती काही बोलली नव्हती, म्हणून दुकानाला कुलूप लावून मी तडक पेरिनाकाकूकडे गेले.

काकू शेंगा सोलत होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले. "म्हणजे," ती म्हणाली, "माझ्या तोंडावर एकही सुरकुती नाही असं म्हणाली ती?"

"तुझं मन राखायला."

"अरे देवा. आणि मी काय करून बसले?" काकू तिथेच रडायला लागली. निवेस आतून आली, आणि सासूला रडताना बघून आधी तिला बरंच वाटलं असावं. पण गोष्ट कळल्यावर तिनेच उठून माळ्यावरून पिवळा टॉवेल काढला.

काकू घरोघर सांगत फिरली आणि शनिवार सकाळपर्यंत सगळे जुने टॉवेल परत आले. चौकटीचा, पिवळा, विटका हिरवा. फळाचा एकच राहिला, माझा, कारण माझ्या जुन्याची फडकी झाली होती. मी मावशीच्या कानात सांगून ठेवलं, "ओट्यावर आता एकच फळ आहे. फळ म्हणजे दिन्का, विसरू नकोस." ती म्हणाली, "डोकं ठिकाणावर आहे माझं."

रोको बोटीतून उतरला तेव्हा त्याच्या हातात दोन बॅगा होत्या. त्यातली मोठी रिकामी होती, उचलण्यावरून कळत होतं. मावशीचं सामान भरायला आणली असणार. मावशी मात्र गर्दीतून सरळ त्याच्याकडे चालत गेली आणि गालाला गाल लावला. पेरिनाकाकू माझा दंड दाबत होती, मला वळ उठला.

रविवारी ओट्यावर सगळं बंदर हजर. एरवी यातले निम्मे चर्चनंतर झोपतात. मावशी झाडाखाली, आणि रोको शिडीजवळ हाताची घडी घालून. मावशीने जी सुरुवात केली! "टोन्ची, सावलीत सरक, कालच भाजला आहेस. फादर, आजचं प्रवचन लांबलं हं. पेरिना, शेंगा करपल्या असतील, जाऊन बघ." एकही चुकलं नाही. तासाभराने रोकोने हाताची घडी सोडली. टोन्चीकाका त्याला म्हणाले, "काय रे, हिचं डोकं गेलंय म्हणतात? माझं दे तिला नि तिचं मला दे." दोघं कॉफी प्यायला वर गेले. मला इतकं हायसं वाटलं की मी टॉवेल तसाच टाकून पाण्यात उतरले.

पोहून परत शिडीपाशी आले, अजून गळ्यापर्यंत पाण्यात होते. वर बघते तर माझ्या टॉवेलवर रोको. अनवाणी आला असणार, त्याचा काळा टॉवेल घरीच राहिला होता, समोर फळाचा मोकळा दिसला, टेकला. मी काही लहानखुरी नाही. खांद्याने आम्ही दोघं सारखेच.

मावशी समुद्राकडे तोंड करून म्हणाली, "दिन्का, जमलं गं बाई. काही कळलं नाही त्याला."

मला हाक मारायची होती. तोंड उघडलं आणि खारं पाणी आत गेलं.

"काल बोटीवरून उतरला तर मी खोकल्यावरून ओळखला," मावशी बोलतच होती. "फ्राने अगदी तसाच खोकायचा. जवळ आला, मी गाल लावला, मग तोंडाकडे बघितलं तर काही नाही. नुसता धूर. दोन वर्षं झाली गं पोराचं तोंड बघून. गालाला टोचलं. दाढी ठेवली आहे का त्याने? पांढरी आहे का? त्याला विचारायची सोय नाही. तू सांग ना, कसा दिसतो?"

रोको जागचा हलला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. पंचावन्न वर्षांचा बाप्या, आणि शाळेत छडी खाल्ल्यावर व्हायचं तसं तोंड झालेलं.

"सांग की. बारीक झालाय का?"

त्याने मला खूण केली, ये म्हणून. तो हळूच उठला, आवाज न करता बाजूला झाला. मी शिडी चढले आणि निथळत त्याच्या जागी बसले. "दाढी ठेवलीय मावशी. अर्धी पांढरी. बारीक नाही झालेला, पोट सुटलंय. फ्रानेकाकांसारखा दिसायला लागलाय."

"मग इतका वेळ काय लावलास सांगायला?"

"कानात पाणी गेलं होतं."

रोको रस्त्याने घराकडे निघून गेला होता. मला वाटलं संपलं, आता ती मोठी बॅग भरायला गेला. मी मावशीचा हात धरून बसले आणि मनात फ्रानेकाकांची माफी मागत राहिले, कारण शपथ मी मोडली नव्हती तरी मोडलीच होती.

अर्ध्या तासाने तो आला. हातात नारिंगी टॉवेल, कोपऱ्याला निळं ठिगळ. पेटीच्या तळातून काढला असणार, घड्या पडलेल्या. त्याने तो मावशीच्या उजव्या हाताला पसरला आणि गुडघे पोटाशी घेऊन त्यावर बसला, कारण तो दहा वर्षांच्या पोराच्या मापाचा होता.

मावशीने मान जराशी तिरकी केली. "रोको? तो नारिंगी कुठून काढलास?"

"पेटीतून. काळ्यावर तुझा राग आहे ना."

"काळा मेला दिसतच नाही," मावशी म्हणाली आणि जीभ चावली.

"हो," रोको म्हणाला. "नाहीच दिसत."

सण झाल्यावर तो निघाला, त्या दिवशी दुकानात आला. तेवढ्या दिवसांत त्याने मावशीच्या जिन्याला कठडा लावला, गॅस काढून विजेची शेगडी बसवली, आणि तिला सांगितलं की सरकारी नियम बदललेत. मला म्हणाला, "दिन्का, हे इथे सगळ्यांना माहीत आहे?"

"तुला सोडून सगळ्यांना."

"मग तिला तिकडे नेऊन काय करू? तिकडे मला सोडून कुणालाच माहीत नसेल." मोठी बॅग तो रिकामीच घेऊन गेला. नारिंगी टॉवेल मात्र मावशीकडे ठेवला, येईन तेव्हा लागेल म्हणाला. आणि आता तो दर महिन्याला येतो.

म्हणजे झालं बघा असं. मावशीला वाटतं, रोकोला माहीत नाही. रोको तिला तसंच वाटू देतो. त्याला माहीत आहे हे मला माहीत आहे, आणि हे ती मला विचारणार नाही या भरवशावर मी बसले होते.

परवा ती दुकानात आली. दुधाचं खोकं पुढे केलं. चष्मा गळ्यात नव्हता, हल्ली आणतच नाही. म्हणाली, "दिन्का, त्या रविवारी तू रोकोच्या दाढीचं सांगितलंस ना, तेव्हा तुझ्या केसांचं पाणी माझ्या हातावर गळत होतं."

"बरं मग?"

"तू तेव्हा नुकतीच पाण्यातून वर आली होतीस. मग त्याआधी मी कुणाशी बोलत होते?"

मी गल्ल्याकडे बघत राहिले. काय सांगू? खरं सांगावं तर रोकोचं मन मोडतं, खोटं सांगावं तर हिचं. रोकोला सांगणार नाही अशी शपथ होती. हिला काय सांगायचं, याची शपथ कुणी घातली नव्हती.

मावशीने गल्ल्यावरचा माझा हात चाचपून त्यावर आपला हात ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "दुधाची तारीख वाच."